सत्यनारायण आणि सबस्क्रिप्शन

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाजवळ. हळू बोला हं, पलीकडच्या काकू मघापासून एकच परकर झटकताहेत, म्हणजे कान इकडेच.

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता. तुम्ही नेमक्या गावाला. अहो, काय चुकवलंत म्हणून सांगू! आमचा भाचा माहितीये ना, बेडरूममध्ये भिंतीला गाद्या टेकवून स्टुडिओ काढलाय तो? त्यानं यजमानीणबाईंच्या आवाजात आरती रेकॉर्ड केली होती. मागे बासरी काय, झांजा काय, विचारू नका. नैवेद्य दाखवला की लावायची, असं ठरलं होतं. आता शहाण्यानं नुसती गाण्याची फाइल काढून आणावी की नाही? पण नाही, हा अख्खा प्रोजेक्ट उघडायला बसला. सगळे हात जोडून उभे, यजमानीणबाई लाजून अर्ध्या झालेल्या... आणि स्क्रीनवर काय आलं? सबस्क्रिप्शन संपलंय, आधी लॉगिन करा! त्या घरात वायफाय बंद, ह्याच्या फोनला रेंज नाही. कंपनीचं नाव नाही घेत मी, उगाच कशाला. पण पोराचा चेहरा असा उतरला की शेवटी भटजीच म्हणाले, 'चला, आपण तोंडानंच म्हणू.'

एवढ्यावर मिटलं असतं हो. पण चौथ्या मजल्यावरच्यांचे जावई आले होते ना बंगळुरूहून, ते लिनक्सवाले! शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन म्हणतात कसे, 'म्हणून मी सांगत असतो, गाणं करायला आर्डर वापरा. ओपन सोर्स. कोण येतंय तिथे लॉगिन विचारायला?' भाचाही काही कमी नाही. तो म्हणाला, 'काका, मागच्या दिवाळीत तुमच्या लिनक्समधून आवाज आला होता का शेवटपर्यंत?'

झालं! जावयाला, भर पूजेत! चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी पदर खोचला तेव्हाच मी ओळखलं, आता लवकर काही घरी जाणं होत नाही. मी आपली कोपऱ्यातली खुर्ची धरली.

तर भाच्याचं म्हणणं काय, की पैसे मोजून घेतलेली वस्तू ती शेवटी आपली. त्यावर जावईबापू असे हसले... 'आपली? आणि २०२३च्या मार्चमध्ये वेव्ह्जनं काय केलं ते?' तुम्हाला ते वेव्ह्जचं ठाऊकच आहे म्हणा. तेल अवीवची कंपनी, १९९२पासूनची, कुठल्याही स्टुडिओत डोकवा, त्यांचं एखादं प्लगइन सापडतंच. त्यांनी २६ मार्चला जाहीर करून टाकलं की आता कायमचं विकत काही मिळायचं नाही, फक्त दरमहा भाडं. साधं हवं तर १४.९९ डॉलर, सगळं हवं तर २४.९९. बरं, ज्यांनी आधीच हजारो रुपये घातलेत त्यांचा अपडेटचा प्लॅनही बंद! लोक असे खवळले म्हणता... तीन-चार दिवसांत मालकांनी माफीचं पत्र काढलं आणि जुनी विक्री मुकाट्यानं परत सुरू केली. भाचा म्हणाला, 'बघा, ऐकलं ना त्यांनी?' जावईबापू म्हणाले, 'ऐकलं. पण ठरवणारे तेच होते ना?' इथे भाच्यानं पाण्याचा पेला उचलला. त्यात पाणी नव्हतं.

आणि केकवॉकचं? अगंबाई, ते राहिलंच की. ते तर १९८७पासूनचं जुनं गाण्याचं सॉफ्टवेअर, पुढे गिटारवाल्या गिब्सननं घेतलं. २०१६मध्ये त्यांनी आपल्या सोनार ह्या सॉफ्टवेअरसाठी 'लाइफटाइम अपडेट' विकले. लाइफटाइम हो! लोकांनी मोठ्या विश्वासानं पैसे भरले. आणि २०१७च्या नोव्हेंबरात गिब्सननं सांगितलं, कामच बंद. दीड वर्षाची लाइफ! मला विचारायचं होतं की लाइफटाइम म्हणजे नेमकी कोणाची, गिऱ्हाइकाची की कंपनीची, पण तेवढ्यात तीर्थ आलं. पुढे सिंगापूरच्या बँडलॅबनं २०१८मध्ये ते उचललं आणि चक्क फुकट वाटलं, सगळे खूश. पण फुकट दिलं म्हणून काही उघडं नाही केलं हो. कोड त्यांच्याच कपाटात. आणि २०२३मध्ये सांगितलं की पुढचं सोनार पैसे देऊन मिळेल. मनात आलं, वाटलं. मनात आलं, पैसे लावले.

लॉजिकचंही तसंच की. जर्मनीतल्या इमॅजिकचं ते गाण्याचं सॉफ्टवेअर, विंडोजवर कितीतरी लोक वापरायचे. अ‍ॅपलनं २००२च्या जुलैमध्ये कंपनी घेतली आणि सप्टेंबर संपता संपता विंडोजचं लॉजिक बंद. गाणं चालवायचं असेल तर मॅक घ्या. हे जावईबापू सांगत होते तेव्हा आमचे हे मध्येच म्हणाले, 'अ‍ॅपल म्हणजे महागच.' ह्यांचं तेवढंच योगदान.

तर काय सांगत होते... हां, वसईचे ते क्वायर मास्तर! यजमानांचे जुने मित्र, चर्चमध्ये गाणी बसवतात, चार आवाजांची नोटेशनं स्वतः लिहितात. गरीब माणूस, कधी तोंड उघडत नाही. पण फिनालेचं नाव निघालं मात्र, ते खुर्ची पुढे ओढून बसले. अहो, ह्या माणसाला एवढं बोलता येतं हे मला परवा कळलं!

म्हणाले, फिनाले हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर, १९८८चं. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी संगीतकारांनी आयुष्यभर त्याच्यातच लिहिलं. आणि २०२४च्या २६ ऑगस्टला मेकम्युझिक कंपनीनं सांगितलं, पस्तीस वर्षं झाली, आता पुरे. विक्री तिथेच थांबवली. वर काय, तर वर्षभरानंतर नव्या कॉम्प्युटरवर ते चालू करून मिळणार नाही! म्हणजे उद्या तुमचा लॅपटॉप मेला की तुमच्या आयुष्यभराच्या स्वरलिपी गेल्या कुलपात. ह्यावर जो गदारोळ झाला, दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, बरं बरं, चालू करून देत राहू. पण गिऱ्हाइकांना जा म्हणाले कुणाकडे? डोरिकोकडे! १४९ डॉलरच्या सवलतीच्या दरात!

आता हे डोरिकोवाले कोण, इथेच तर खरी मजा आहे. जरा आणखी जवळ या. फिनालेचा आयुष्यभराचा वैरी कोण? सिबेलियस. इंग्लंडातले जुळे भाऊ, फिन आडनावाचे, त्यांनी केलेलं, १९९३मध्ये बाजारात आलं. पुढे २००६मध्ये अ‍ॅव्हिडनं ते घेतलं, तेच प्रो टूल्सवाले. आणि २०१२मध्ये त्यांनी लंडनचं ऑफिसच बंद केलं. ज्यांनी ते घडवलं ती माणसं रस्त्यावर! मग जर्मनीच्या स्टाइनबर्गनं, म्हणजे यामाहाच्या त्या कंपनीनं, जवळजवळ अख्खी टोळीच उचलली आणि सांगितलं, करा नवं. त्यांनी २०१६मध्ये डोरिको आणलं. आणि आठ वर्षांनी त्यांचा जुना वैरी स्वतःहून दुकान बंद करतो आणि सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याच दारात आणून सोडतो! मास्तर हे सांगताना असे खुलले होते, प्रसादाचा शिरा गार होऊन गेला.

मी विचारलं, 'मग तुमचं काय झालं हो, मास्तर?' तर गालातल्या गालात हसून म्हणाले, 'मी म्युझस्कोअरवाला.' एका जर्मन माणसानं, वेर्नर श्वेअरनं, २००२च्या सुमाराला सुरू केलेलं, ओपन सोर्स, एक पैसा नाही. आणि फिनालेमधून बाहेर पडायची वाट तरी कुठली होती म्हणाले, तर म्युझिकएक्सएमएल. कुठल्याही नोटेशनच्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी फाइल. गंमत बघा, ते म्युझिकएक्सएमएलही काही वर्षं ह्या मेकम्युझिकच्याच घरात होतं. २०१५मध्ये त्यांनी ते डब्ल्यूथ्रीसीच्या सामायिक मंडळाकडे सोपवलं म्हणून बरं. नाहीतर कुलूपही त्यांचं आणि खिडकीही त्यांचीच.

जावईबापू तर असे फुलले! 'बघा, बघा, ओपन सोर्स!' म्हणून सगळीकडे बघताहेत. सासऱ्यांनी मान डोलावली, त्यांना काय कळलं देव जाणे. आणि तिथे भाच्यानं हळूच विचारलं, 'आणि ऑडॅसिटीचं काय झालं, काका?'

अहो, चेहरा पडणं म्हणजे काय ते बघायचं होतं तर तो. वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

आता ऑडॅसिटी म्हणजे आपली घरचीच. पाचव्या मजल्यावरची सून मुलांच्या गोष्टींचा पॉडकास्ट करते ना, ती त्याच्यावरच करते. कुठे शिकली विचाराल तर पवईच्या आयआयटीचं ते स्पोकन ट्युटोरियल, मराठीतूनही असतात धडे, त्यात ऑडॅसिटीसुद्धा आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलनमध्ये १९९९ला एक विद्यार्थी, मॅझोनी, आणि त्याचे सर, डॅननबर्ग, दोघांनी मिळून सुरू केलेलं. २००० साली लोकांना दिलं, तेव्हापासून शाळा-कॉलेजांतून घरोघरी पोचलेलं. आणि २०२१मध्ये म्यूझ ग्रुपनं ते आपल्याकडे घेतलं. हो, मास्तरांचं म्युझस्कोअरही त्याच छत्राखाली! हे ऐकून मास्तरांनी पहिल्यांदा शिऱ्याकडे पाहिलं.

नवे लोक आले आणि आल्या आल्या म्हणाले, कोण कसं वापरतंय त्याची थोडी माहिती गोळा करू. कुणामार्फत? गूगल आणि रशियाचं यांडेक्स! अहो, लोकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते गुंडाळलं दोन आठवड्यांत. तर जुलैमध्ये नवी प्रायव्हसी नोटीस, त्यात म्हणे तेरा वर्षांखालच्यांनी वापरू नये. शाळेतली पोरं वापरतात ते! पाचव्या मजल्यावरची सून तर म्हणाली, 'माझ्या पॉडकास्टवर बोलणारा माझा मुलगाच आठ वर्षांचा आहे.' मग कंपनीनं खुलासे केले, नोटीस पुन्हा लिहिली, पण तोवर लोकांनी कोड घेतला आणि वेगळी चूल मांडली. एका चुलीचं नाव टेनॅसिटी. आणि नावावरूनसुद्धा इतकं भांडण, की ज्यानं सुरू केलं त्या बिचाऱ्याला लोकांनी छळून छळून बाजूला व्हायला लावलं. फुकटच्या लग्नात मानपान जास्त, म्हणतात ते उगाच नाही.

भाचा तर जिंकल्यासारखा बसला. पण इथे पाचव्या मजल्यावरची सून, कधी मोठ्यांत बोलत नाही हं ती, ती म्हणाली, 'पण त्यांना जाता तरी आलं ना?' सगळे गप्प. खरंच आहे हो. ऑडॅसिटीवर रागावले ते अख्खा कोड काखोटीला मारून निघाले, कोणी अडवलं नाही, कारण लायसन्सच तसं. बहुतेक लोक राहिले ऑडॅसिटीकडेच, ती गोष्ट वेगळी. कंपनीनंही ऐकलं ते, लोक निघून जाऊ शकतात हे माहीत होतं म्हणून. फिनालेवाल्यांकडे कोड होता का घेऊन निघायला? त्यांच्याकडे फक्त पावती होती.

मला तर बाई तिचंच पटलं. पण जावईबापूंना एवढं डोक्यावर घ्यायचंही कारण नाही. भाच्याचीही बाजू आहे. गणपती आठ दिवसांवर आले, मंडळाला गाणं हवंय, तबल्या-सनईच्या ज्या लायब्ऱ्या मिळतात त्या बहुतेक कॉन्टॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरसाठी केलेल्या, आणि ते चालतं मॅकवर नाहीतर विंडोजवर. आयलॉकचं कुलूप लावलेली प्लगइन्स लिनक्सवर सरळ चालतच नाहीत. मग पोरानं गाणं करायचं, की हा आवाज लिनक्सच्या त्या जॅक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कुठे जातोय ते शोधत रात्र काढायची? पैसे घेणारे सगळे वाईट असंही नाही. ते बेल्जियमवाले घ्या, एफएल स्टुडिओचे. १९९७पासून, तेव्हा फ्रूटीलूप्स म्हणायचे, आपल्याकडच्या डीजेच्या पोरांचं तर त्याच्यावाचून पान हलत नाही. एकदा घेतलं की पुढचे सगळे अपडेट फुकट, आणि तो शब्द त्यांनी अजून पाळलाय. सुरुवातीला मात्र त्या कंपनीनं टेट्रिससारखा एक गेम केला होता... जाऊ दे, खाली मुलं खेळताहेत. नंतर सांगेन.

आणि रीपर! ते विनअ‍ॅपवाले फ्रँकेल, त्यांचं. कोड बंदच, पण साठ दिवस फुकट वापरा म्हणतात आणि साठ दिवस झाले तरी बंद पडत नाही. नुसतं आठवण करून देतं. घरच्यासाठी साठ डॉलर. लाज वाटेल तेव्हा द्या! भाचा म्हणाला, त्याला वर्षभर लाज वाटली नव्हती.

तर काय सांगत होते? हां, भटजी! भटजी इतका वेळ पोथी गुंडाळून ऐकत बसले होते. जावईबापूंनी पुन्हा आर्डर काढलं, तो पॉल डेव्हिस, अ‍ॅमेझॉन उभं राहत होतं तेव्हा बेझोसकडच्या पहिल्या दोन प्रोग्रामरांपैकी एक, ते सगळं सोडून आला आणि १९९९-२०००च्या सुमारापासून हेच करत बसलाय. ते जॅकही त्याचंच. आणि नॅशव्हिलची हॅरिसन कंपनी, थ्रिलर अल्बम ज्यांच्या कन्सोलवर मिक्स झाला ती, तिनं आपलं मिक्सबस ह्याच्याच कोडवर उभं केलं. सगळं उघडं ठेवलंय हो त्या माणसानं, कोणीही घ्या. फक्त तयार फाइल हवी असेल तर निदान एक डॉलर द्या म्हणतो. भटजींनी विचारलं, 'वा! मग तुम्ही त्यांना दक्षिणा किती दिलीत?'

अहो, जावईबापू घसा खाकरायला लागले. म्हणाले, 'आमच्या लिनक्सबरोबर ते आपोआप मिळतं...' भटजी म्हणाले, 'म्हणजे नाही.' आणि भाचा जोरात हसला तर त्याच्याकडे वळून, 'आणि तुझं ते भाड्याचं घेण्याआधी काय होतं?' क्रॅक होतं हो! कुठल्या तरी टेलिग्रामवरून आणलेलं. त्यानंच तर जुना लॅपटॉप बसला. दोघेही एकमेकांकडे बघेनात. यजमानीणबाईंनी पटकन विड्याची पानं पुढे केली म्हणून निभावलं.

खाली उतरताना जावईबापू एवढं म्हणाले मात्र, की आता बंद दारंही किलकिली होताहेत. स्टाइनबर्गची ती यूएसबीतली किल्ली, डोंगल हो, जी हरवली की अख्खा स्टुडिओ ठप्प, ती त्यांनी २०२२च्या क्युबेसपासून सोडली. आणि १९९६पासून प्लगइन्सचा सगळा धंदा ज्या व्हीएसटीवर चालतो, ते व्हीएसटी-३ त्यांनी २०२५मध्ये एमआयटी लायसन्सखाली मोकळं केलं. आधी बिटविग आणि युहे, दोघांनी २०२२मध्ये क्लॅप नावाचं तसंच पण मोकळं काढलं होतं ना, त्यानंच ह्यांची झोप उडाली असणार. हे माझं मत हं, जावईबापूंचं नाही.

तर ऐका, तुमच्या लेकानंही सुरू केलंय ना ते बीट्सचं? मला ऐकू येतं रात्री. काय वापरायचं ते त्याचं त्याला ठरवू दे, पैशाचं घ्या, फुकटचं घ्या. पण गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवायला सांगा, नोटेशन लिहिलं असेल तर म्युझिकएक्सएमएल. ते उद्या कोणी बंद केलं, विकलं, भाड्यानं लावलं तरी उघडतं. आणि आर्डर घेतलंच त्यानं, तर तो एक डॉलर द्यायला लावा हो. एका डॉलरसाठी नको ती शोभा.